खालच्या बटणाची चाल

तलवारबाजीतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उभ्या जन्मात मी हातात धारदार वस्तू धरली ती एका लग्नात. नवरदेवाची कट्यार, टोकाला लिंबू खोचलेली, तीही नवरदेव चहा पिऊन होईपर्यंत. तरीसुद्धा एका गेममध्ये कुठकुठली पोरं जो तलवारवाला घेऊन खेळतात, त्याच्या चाली मी ठरवलेल्या आहेत. सगळ्या नव्हे. एक गेमवाल्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि तिचा सत्यानाश केला. तिच्याबद्दलच सांगतोय, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर समजून घ्या.

गेम साधा आहे. हवेत तरंगणारा एक चौथरा असतो, त्यावर दोघं किंवा चौघं लढतात. मार खाऊन कुणी मरत नाही. जितका मार खाल्ला तितका तो पुढच्या फटक्याला लांब उडतो. चौथऱ्यावरून खाली गेला की मात्र गेला. जीव शिल्लक असेल तर थोड्या वेळानं वरून, उजेडात, परत उतरतो. मूळ गेम परदेशी आणि महागडा. पण त्याच्या चाहत्यांनी मिळून तसलाच एक फुकटातला गेम बनवायला घेतला होता, आणि त्यात कुणीही आपला लढवय्या सुचवू शकायचा. सुचवायचं म्हणजे नुसतं चित्र काढून भागत नाही. बटण नुसतं दाबलं तर तो काय करतो, बाजूच्या बाणासोबत दाबलं तर काय, वरच्या, खालच्या बाणासोबत काय, हवेत असताना काय, पडता पडता स्वतःला वर कसा ओढून घेतो, हे सगळं एकेक करून ठरवायचं. त्याला मूव्हसेट म्हणतात. आम्ही चाली म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा रूम-पार्टनर. लातूरला एका गल्लीत, वर तीन मजले हॉस्टेल आणि खाली झेरॉक्सचं दुकान, अशा इमारतीत आम्ही डॉक्टर व्हायला राहत होतो. ती गल्लीच डॉक्टर व्हायला बसलेली होती. पुढची गल्लीही. चौकाचौकात हसऱ्या पोरापोरींचे फोटो, खाली मार्क. आणि कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "फ्रेशर का रिपीटर?" जात विचारावी तसा. मी रिपीटर होतो, एकदा परीक्षेत राहून परत बसलेला. एकदा हे सांगितलं की समोरच्याचा आवाज लगेच हळू व्हायचा, घरात कुणी गेलंय असं समजून. पार्टनर फ्रेशर, इस्लापूरकडचा. आमच्याकडं धबधबा आहे, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतरही सांगतच राहिला. लेक्चर बघायला म्हणून त्याच्या वडलांनी त्याला लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर आम्ही काय बघायचो हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याला त्याच धबधब्यात टाकलं असतं.

माझी आई मला रूमवर सोडायला आली तेव्हा तिनं आधी कपाट लावलं नाही, गादी घातली नाही. स्टीलचे ग्लास काढले आणि फळीवर एकावर एक उपडे रचले, वरचा अगदी काठावर. पार्टनर हसायला लागला. "काकू, सर्कस हाय का?" आई म्हणाली, "हाललं की वाजतेत." त्याला काही कळलं नाही. किल्लारीच्या बाजूला ज्यांची घरं होती त्यांना हे सांगावं लागत नाही. आमच्याकडं अजूनही घराघरात कुठंतरी अशी भांडी रचलेली असतात. मी भूकंपाच्या नंतरचा, माझ्या जन्माच्या आधी सगळं पडून, रडून, नवीन बांधून झालेलं. पण ग्लास वाजला की मी दाराकडं पळतो. पहिल्याच आठवड्यात गल्लीतून विटांचा ट्रक गेला आणि मी चपलेशिवाय रस्त्यावर. पार्टनर गॅलरीतून खाली बघत, "अबे, ट्रक हाय ट्रक!"

त्या दिवशी त्याला मी दोडप्पांची गोष्ट सांगितली. वडलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडं दोडप्पा म्हणतात. कानडी शब्द आहे, पण निलंग्याच्या बाजूला कानडी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते हे कुणी विचारत नाही. आमचे दोडप्पा पुरवंत होते. वीरभद्राच्या पालखीपुढं जो खडग म्हणतो तो पुरवंत. खडग म्हणजे हातातली तलवार आणि खडग म्हणजे ती धरून म्हणायचे बोलही, दोन्हीला एकच शब्द. तलवार खांद्याशी उभी धरायची. बोल सुरू झाले की धावत पुढं, ओळ संपली की थबकून दोन पावलं मागं, आणि "आहाहा रुद्रा! आहाहा देवा!" अशी आरोळी की पालखीचे भोई दचकले पाहिजेत. त्या तलवारीनं कुणाला मारायचं नसतं. आणि आमच्या गावात एक नियम कडक होता. खडगाचं टोक जमिनीला लागू द्यायचं नाही. दमलात तर बसा, पाणी प्या, पण तलवार दुसऱ्याच्या हातात द्या. टोक खाली लागलं की ते खडग संपलं.

गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे गाव खाली बसलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचे आई-वडील तेव्हा दुकानासाठी निलंग्याला राहायला होते, म्हणून वाचले. दोडप्पा गावात होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. दोडप्पा अंगणात झोपले होते, त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी आई, आणि मुलगी आत. मोठ्या आईला दाराजवळून ओढून काढलं. मुलगी आत राहिली. ती माझी ताई झाली असती. कुदळ, फावडं, टिकाव, सगळं त्याच ढिगाखाली. एक भिंत अर्धी उभी होती आणि तिच्या खुंटीवर तलवार. दोडप्पांनी ती घेतली आणि खणायला लागले. जवान आले तोवर ते खणतच होते. तलवार मधेच केव्हा तरी मोडली, मग उरलेल्या अर्ध्यानं खणलं. ताई निघाली, पण जिवंत निघाली नाही.

हे सगळं मला वडलांनी सांगितलं. दोडप्पांनी कधीच नाही.

पुढचं ऐका, कारण माझा राग इथून सुरू होतो. नवीन गाव बसलं, नवीन देऊळ झालं, पालखी परत सुरू करायचं ठरलं. तेव्हा देवळाच्या पंचांनी दोडप्पांना बोलावून सांगितलं की तुमचं खडग मातीला लागलं, मढ्याला लागलं, आता तुम्हाला पालखीपुढं उभं राहता येणार नाही. नवी तलवार आणली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. हे ज्यानं तोंड वर करून सांगितलं, त्याला स्वतःला जवानांनी पायाला धरून ढिगातून काढला होता! त्याला काढताना कुठलं फावडं सोवळ्यातलं होतं का, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. दोडप्पा पायऱ्या उतरून घरी आले. त्यानंतर त्यांच्या तोंडून खडगाची एक ओळ कुणी ऐकली नाही. मीही नाही. ज्या माणसाचा आवाज पंचक्रोशीत ओळखला जायचा, तो मी फक्त "चहा ठिव" म्हणताना ऐकला.

पार्टनरनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाला, "ह्याला गेममध्ये टाकू." मी म्हणालो, "येडा झाला का?" पण त्याच दिवशी भौतिकशास्त्राच्या चाचणीत मला एकही उत्तर सुचलं नव्हतं आणि ह्याच्या मात्र चालीवर चाली सुचत होत्या. गावानं ज्याला पालखीपुढून काढलं त्याला मी अशा ठिकाणी उभा करणार होतो जिथं कुठलेच पंच पोचत नाहीत. मला तेवढंच पाहिजे होतं. डॉक्टर व्हायचं वडलांना पाहिजे होतं.

पावलं मला वडलांनी दाखवली. सुट्टीत दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी छत्री खांद्याशी धरली आणि तेलाच्या डब्यांपासून गल्ल्यापर्यंत धावत आले, थबकले, दोन पावलं मागं गेले. "तुझे दोडप्पा ह्याच्या दुप्पट जोरात," म्हणाले आणि धापा टाकत बसले. कशाला पाहिजे हे विचारलंही नाही. त्यांना वाटलं कॉलेजच्या गॅदरिंगला पाहिजे असेल.

चाली इमानदारीनं बसवल्या. नुसतं बटण दाबलं तर एक बोल आणि तलवारीची लहान झटक. बाजूचा बाण धरला तर धावत पुढं. पण ओळ पुरी होईपर्यंत वार होत नाही, आणि मधेच कुणी मारलं तर ओळ तुटते, वार फुकट जातो. म्हणजे हा गडी हळू, पण एकदा ओळ पुरी झाली की समोरचा चौथऱ्याबाहेर. वरच्या बाणाला आरोळी, तलवार आभाळाकडं. पडताना स्वतःला वाचवायला पालखीची दांडी. ती वर सरकते, हा तिला धरून वर येतो. आणि प्रत्येक वारानंतर दोन पावलं मागं, चुकवता न येणारी. पार्टनर म्हणाला, "ह्याच्यात खेळणाऱ्याचा तोटा हाय." मी म्हणालो, "असू दे." खालच्या बाणापुढं मी लिहिलं: काही नाही. टोक खाली लागत नाही.

पार्टनरनं त्याचं इंग्रजी करून पाठवलं. गेम बनवणाऱ्या त्या मंडळींचा एक प्रमुख होता. कोण, कुठला, देव जाणे. त्याचं उत्तर आलं. लढवय्या झकास आहे, असला आम्ही पाहिला नव्हता, घ्यायचा म्हणतोय. पण खालचं बटण मेलेलं चालणार नाही. प्रत्येकाला खालची चाल लागतेच. आणि त्यानं आपणहून एक सुचवली होती. तलवार उलटी धरून जमिनीत खुपसायची, जमीन हादरते, आजूबाजूचे सगळे उडतात.

भूकंप! ह्या लोकांना दोडप्पांच्या हातून भूकंप पाहिजे होता! मला हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना. त्या बिचाऱ्याला काय माहीत, असं पार्टनर म्हणत राहिला. माहीत नव्हतं हे मलाही कळत होतं, म्हणून काय राग यायचा थांबतो? पण गडी गेममध्ये जायचा तर खाली काहीतरी द्यावंच लागणार होतं. ते मी ठरवणार नव्हतो. ज्याचा नियम त्यालाच विचारायचं ठरवलं.

एसटीनं गावी गेलो. नवीन गाव म्हणजे सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरं. लहानपणी मी दोनदा चुकून दुसऱ्याच्या घरात जाऊन जेवायला बसलो होतो. दोडप्पा अंगणात होते. ते घरात झोपत नाहीत, थंडीतसुद्धा. मी मोबाईलवर गेम दाखवला, चौथरा दाखवला, पडणं दाखवलं, कागदावर काढलेला त्यांचा गडी दाखवला. पालखीपुढचा पोशाख बघून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला असावा. मला वाटलं आता कागद फाडतील.

"ह्यो म्या हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाव, दोडप्पा."

"पंचाला इचारलं का?"

"त्यांना कशाला विचारायचं? त्यांच्या बापाचा गेम आहे का?"

ते हसले. मग मी खालच्या बटणाची अडचण सांगितली. बटण म्हणजे काय, ते मेलेलं का चालत नाही, सगळं. भूकंपाचं सुचवलेलं सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भलताच प्रश्न विचारला. "जो खाली पडतो, त्याला कोण काढतंय?"

मी म्हणालो, कुणी नाही, तो आपोआप परत येतो.

"आपोआप?" ते म्हणाले. "लई भारी हाय मग."

ते उठले. अंगणाच्या कडेला तुराट्यांचा ढीग होता, चुलीसाठी ठेवलेला. त्यातली एक जाड तुराटी काढली. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून खाली बसले आणि तुराटीचं टोक मातीला लावलं. मी नियमाची आठवण करून देणार होतो, पण त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"सरळ मारायचं न्हाई," ते म्हणाले. "खाली माणूस असतंय. आडवं घालायचं. असं. माती उचलायची. मग हात घालायचा. मग कान लावायचा." आणि त्यांनी खरंच जमिनीला कान लावला. डोळे मिटलेले. मग परत टोक आडवं, परत हात, परत कान. पुरवंताची पावलं जशी ठरलेली असतात तसंच हेही ठरलेलं होतं. मोठी आई दारात आली, बघितलं आणि आत निघून गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, घासलेलीच भांडी. तुराटी मोडली तेव्हा ते थांबले.

"तवाबी मोडलीच," म्हणाले. "हे घाल खालच्या बटनाला. मला आता हे एकच येतंय."

परतीच्या एसटीत मी रडलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "निकाल लागला का?" लातूरच्या गाडीत पोरगं रडलं की दुसरं काही असू शकतं हे कुणाला सुचत नाही.

ती चाल मी जीव लावून लिहिली. जोडीनं खेळताना आपला जोडीदार खाली पडला आणि त्याचे जीव संपले, की खालचं बटण धरून ठेवायचं. पुरवंत गुडघ्यावर बसतो, खणतो, हात घालतो, कान लावतो. तेवढा वेळ तो उघडा. कुणीही येऊन मारावं. पण कुणी मारलं नाही आणि त्यानं पुरतं खणलं, तर जोडीदार परत येतो. ह्याची तलवार मोडते. उरलेला खेळ अर्ध्या तलवारीनं खेळायचा, हात तोकडा. असली चाल त्या गेममध्ये एकाकडंही नव्हती. पार्टनरनं इंग्रजी केलं, शेवटी मला विचारलं, "हे खरंच झालेलं हाय असं लिहू का?" मी म्हणालो, लिही. त्यानं लिहिलं.

उत्तर आलं नाही. निकाल आला. पार्टनर लागला, सरकारी कॉलेजला. मी दुसऱ्यांदा राहिलो. वडलांनी दुकानात माझ्यासमोर एक शब्द काढला नाही, फक्त गिऱ्हाइकानं विचारलं की "नांदेडला आहे" म्हणायचे, कारण मी नांदेडला नोकरी धरली होती. तीही कशाची, तर एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या काढायची. ज्या परीक्षेनं मला दोनदा हाकललं तिच्यासाठी मी बेडकाचं हृदय काढतो. कप्पे बरोबर, बाण बरोबर. पोरं त्या बघून डॉक्टर होतात. घ्या.

गेम आला तो मला त्या पोरांकडूनच कळला. ऑफिसला लागूनच माझी खोली, वर पोरांचं हॉस्टेल. रविवारी दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर खेळायला यायची. एक दिवस त्यांनी तो लावला आणि पडद्यावर आमचा पुरवंत उभा. पोशाख, खांद्याशी तलवार, धावत पुढं, दोन पावलं मागं, सगळं माझं. ऊर भरून आला. मी पोराच्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि खालचं बटण दाबलं.

त्यानं तलवार उलटी केली, जमिनीत खुपसली, जमीन हादरली आणि तिघं उडून पडले.

भूकंपच लावला होता त्यांनी. मग खणणं कुठं गेलं? पोरांनी दाखवलं. ह्या गेममध्ये काही बटणं नुसती वाकुल्या दाखवायला असतात. समोरच्याला पाडलं की ते दाबायचं, तुमचा गडी त्याला चिडवतो. कुणी कमरेवर हात ठेवून हसतं, कुणी पाठ दाखवतं. आमचा पुरवंत गुडघ्यावर बसून खणत होता. हात घालत होता. जमिनीला कान लावत होता. जोडीदार परत येत नव्हता, तलवार मोडत नव्हती, काही म्हणजे काही होत नव्हतं. "सर, ही लई फेमस हाय," एक जण म्हणाला. "ह्याला कबर म्हणतेत. त्याची कबर खणून राहिला, अन् कान लावून ऐकतो, मेला का न्हाई."

कबर. मी उठून बाहेर गेलो आणि टपरीवर चहा मागवून न पिता उभा राहिलो. पार्टनरला फोन केला. तो कॉलेजच्या गडबडीत होता. म्हणाला, "अरे यार, त्यांना ती चाल जास्तीची वाटली असेल, खेळ बिघडला असता. पण आली ना गेममध्ये? किती लोक करतेत ती! खामखा टेन्शन घेऊ नको." मी म्हणालो, "तुझ्या आजोबांच्या मयतीला कुणी नाचलं तर किती लोक नाचले ते मोजशील का?" आणि फोन ठेवला. पुढं बरेच दिवस आम्ही बोललो नाही. त्या मंडळींना मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लांबलचक लिहिलं. खरं काय झालं ते आम्ही सांगितलं होतं, तरी तुम्ही त्याची वाकुली केली, ती काढा. उत्तर म्हणून एक अंगठा आला. उभा अंगठा. खाली, आभारी आहोत.

पंचांनी निदान दोडप्पांना घरी बसवलं होतं. ह्यांनी चौथऱ्यावर उभं करून जगाला हसवलं. आणि माझं कुणी ऐकत नव्हतं, ना गावात ना तिकडं.

दोडप्पांना मी एवढंच सांगितलं होतं की चाल टाकली. ते मोबाईलवर विचारायचे, "दाखव की." मी म्हणायचो, आधी डोळ्यांचं ऑपरेशन होऊ द्या, नीट दिसू द्या. ते ऑपरेशन नेमकं नांदेडलाच ठरलं. काळा चष्मा लावून ते माझ्या खोलीवर येऊन राहिले. अंगणात झोपायची सवय, म्हणून गॅलरीत झोपायचे. डोळ्यात थेंब मी घालायचो. गेमचा विषय निघाला की मी कॉम्प्युटर बिघडला म्हणायचो. असं किती दिवस म्हणणार? रविवार आला आणि पोरं न सांगता जिन्यावरून धडधड खाली उतरली. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला तो धडधाकट चालू झाला.

मी दोडप्पांना गॅलरीतच बसवायला गेलो, पण आवाज ऐकून ते आत आले. आरोळी. ती मी पार्टनरच्या आवाजात भरून पाठवली होती. दोडप्पा दारात थबकले. मग हळूहळू येऊन पोरांच्या मागं उभे राहिले, चष्मा कपाळावर सारला. पोरानं खुर्ची दिली, त्यांना ती दिसलीच नाही. ते पावलं बघत होते. धावत पुढं, थबकून मागं. त्यांची मान त्या ठेक्यात हलत होती.

मला ओरडून सांगायचं होतं की आता ते बटण दाबू नका. पण काय म्हणून सांगणार? तेवढ्यात पुरवंताच्या वारानं एक गडी चौथऱ्यावरून खाली गेला आणि पोरानं सवयीनं दाबलंच. "कबर! कबर!" सगळी ओरडली.

पुरवंत गुडघ्यावर बसला. टोक आडवं घातलं. माती उचलली. हात घातला. कान लावला.

खोलीत दोडप्पा आणि मी सोडून सगळे हसत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ह्या माणसाला दुसऱ्यांदा हाकलायला मीच कारण होणार होतो का?

"कोण पडलं?" त्यांनी विचारलं.

"माझा पडला, आजोबा," एक पोरगं हसत म्हणालं.

"अन् ह्यो त्येला काढून राहिला."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. आणि त्याच वेळी, त्या गेममध्ये नेहमीच होतं तसं, पडलेला गडी वरून उजेडात तरंगत खाली आला आणि चौथऱ्यावर उभा राहिला. धडधाकट.

दोडप्पांनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. "निघाला," ते म्हणाले. "निघाला की रं!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरनं सांगितलं होतं की डोळे ओले होऊ द्यायचे नाहीत. मी रुमाल पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला. ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले आणि पुरवंताच्या हाताकडं बघत राहिले.

"तलवारबी धड हाय," म्हणाले.

मग त्यांनी कीबोर्डवाल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा पाड त्येला," म्हणाले. "अन् पुन्हा काढ."

पोरगं हसायचं थांबलं होतं. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, आता काय करू म्हणून.

"ऐकायला येत नाही का?" मी त्याच्यावर खेकसलो. "पाड म्हणतात ना."